हे प्रकरण माझ्यासमोर नको

४ एप्रिल

प्रिय भुंग्या,

आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे, तुम्हा दोघांचीही असेल असं धरून चालते. तुझ्या मास्तरीणबाईंचा गुडघा कसा आहे? मागच्या लग्नात त्या कठडा धरून जिना उतरत होत्या. तेव्हाच विचारायचं होतं, गर्दीत राहून गेलं.

गेल्या शुक्रवारी मी निवृत्त झाले. पेपरात आलं होतं, म्हणजे तुला माहीत असणारच. तरी बहिणीने भावाला आपण होऊन कळवावं, म्हणून लिहिते आहे.

समारंभ मुख्य न्यायमूर्तींच्या कोर्टात झाला. आम्ही सगळे वर ओळीने बसलो होतो आणि खाली वकील दाटीवाटीने उभे होते. भाषणं झाली. वकील संघाचे अध्यक्ष म्हणाले की बारमध्ये मला 'तारीख-नाही मॅडम' म्हणतात. कुणी पुढची तारीख मागायला उठला की मी त्याच्याकडे अशी बघायचे की तो आपोआप युक्तिवादाला सुरुवात करायचा. सगळे हसले, मीही हसले. हे नाव मला पूर्वीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे मी कधी दाखवलं नाही. दुसरे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, मॅडमचा आवाज कधी चढला नाही. त्यांच्यावरच मी एकदा चांगली ओरडले होते. निरोपाच्या भाषणात माणसं चांगलं तेवढंच आठवतात, त्याला इलाज नाही.

माझं भाषण छोटं होतं. वडील कोर्टात टायपिस्ट होते, आणि दुसऱ्यांचे निकाल टाइप करता करता त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना वकील करायचं ठरवलं, एवढं सांगितलं. 'दोन्ही मुलांना' म्हणताना मी दाराकडे पाहिलं. दाराशी बरीच माणसं होती, तू नव्हतास. मी काही म्हणत नाही, नुसतं सांगते. कामाचा दिवस होता, तुझ्या तारखा असणार.

सरकारी घर रिकामं करायला मुदत आहे. सामान फार नाही. हे गेल्यापासून मी वापरते तीनच खोल्या. बाकीच्यांत पुस्तकं होती, ती लायब्ररीला दिली. ज्या निकालांसाठी ती वाचली ते देऊन झाले.

सोमवारी एक गंमत झाली. सकाळी ड्रायव्हर नेहमीच्या वेळेला आला. त्याची नेमणूक दुसरीकडे झाली आहे, तो गाडीची दुसरी किल्ली न्यायला आला होता. आणि मी तयार होऊन, चष्मा पुसून, पर्स घेऊन दारात उभी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, बस, चहा घेऊन जा. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसला. गाडीत आम्ही कधी बोललोच नव्हतो, मी कागद वाचत असायचे. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाचताना ओठ हलवता." मला हे माहीत नव्हतं.

एका चौकशी आयोगाचं अध्यक्षपद मला देऊ करताहेत. पूल पडला त्याची चौकशी आहे. कचेरी, गाडी, स्टेनो, सगळं मिळेल. सगळे म्हणतात घ्या. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

आणि तुझा बेकरीवाला अपिलात सुटला, ते वाचलं. अभिनंदन. निकालपत्र मागवून घेतलं. त्यात त्या साक्षीदार शिंप्याची उलटतपासणी, तुझे प्रश्न आणि त्याची उत्तरं, जशीच्या तशी उतरवली आहेत. त्या न्यायमूर्तींना अशी सवय नाही, ते कुणाच्या दोन ओळीसुद्धा घेत नाहीत. तेव्हा तो मान समज.

हे अपील आधी माझ्यासमोर लागलं होतं आणि मी घेतलं नाही, हे तुला माहीतच आहे. खालच्या कोर्टात आरोपीचा वकील माझा सख्खा भाऊ होता, त्यामुळे घेता येत नव्हतं. त्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

उन्हात फार हिंडू नकोस.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

प्रिय भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. 'गुडघा बरा आहे. ते प्रकरण सोडण्याआधी तू वाचलं होतंस का? किती?' एवढंच. नमस्कार नाही, की समारंभाबद्दल एक अक्षर नाही. लहानपणी तुला भुंगा म्हणायला लागलो ते उगीच नव्हतं. एकदा एखाद्या लाकडाला लागलास की आरपार गेल्याशिवाय सोडत नाहीस.

हो, वाचलं होतं. सगळं वाचलं होतं.

आता कसं ते सांगते. कोर्टाला सुट्टी होती आणि पुढच्या आठवड्याच्या फायली घरी आणल्या होत्या. मी नेहमी खालच्या कोर्टाचा निकाल सगळ्यात शेवटी वाचते आणि साक्षीपुराव्याने सुरुवात करते. न्यायाधीशाचं मत आधी वाचलं की साक्षीदार त्याच्याच चष्म्यातून दिसतो. त्यामुळे वकिलाचं नाव नजरेस पडायच्या आधीच मी शिंप्यापर्यंत पोचले होते.

शिंपी शपथेवर सांगत होता की पहाटे अंधारात त्याने समोरच्या दुकानातून पाहिलं. बेकरीवाल्याने बाहेरून शटर ओढलं आणि कुलूप लावलं, मग आतून धूर यायला लागला. आत त्याचा भागीदार झोपलेला होता, तो मेला. शिंप्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, तो कुणाचा शत्रू नव्हता. अशा साक्षीदाराला मोडायला वकील आरडाओरडा करतात, पिऊन होतास का विचारतात. इथे वकिलाने मशीनचं विचारलं. मशीन दाराच्या काचेपासून किती लांब, शिवताना तोंड कुठल्या बाजूला, दिवा डोक्यावर की टेबलावर. शिंपी खुशीत उत्तरं देत होता, कारण त्याच्या कामाबद्दल कुणी इतकं विचारलं नव्हतं. दिवा चांगला मोठा आहे म्हणाला, काळ्या कापडावर काळा दोरासुद्धा दिसतो म्हणाला. दार बंद होतं, थंडी होती. आणि मग वकिलाने विचारलं, "बाहेर अंधार आणि आत एवढा उजेड. मग काचेत तुम्हाला काय दिसत होतं?"

शिंपी म्हणाला, "मी."

तिथे मला कळलं की हा तू आहेस. नाव पाहिलं नव्हतं. साक्षीदाराला त्याच्याच घरात आरामात बसवून मग हळूच दिवा लावायचा, हे आपण एकत्र वकिली करताना त्या चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत किती वेळा बोललो होतो. मी पान उलटून नाव पाहिलं, आणि तूच होतास.

तिथेच फाइल मिटायला हवी होती म्हणशील. मिटली नाही. पुढे सगळं वाचलं, शेवटी खालच्या कोर्टाचा निकालही वाचला. त्या न्यायाधीशाने त्या एका उत्तराचा अर्थ लावलाच नव्हता. 'किरकोळ विसंगती' म्हणून एका ओळीत उडवून लावलं होतं. मी खुर्चीत बसून राहिले. बेकरीवाल्याने ते केलेलं नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

सुट्टी संपल्यावर प्रकरण पुकारलं तेव्हा मी म्हटलं, "हे प्रकरण माझ्यासमोर नको." कारण सांगितलं नाही, तशी पद्धतच आहे. फाइल दुसऱ्या खंडपीठाकडे गेली, तिथे रांगेत लागली. बेकरीवाल्याचा जामिनाचा अर्जही तिथेच गेला.

आता जे तू विचारलं नाहीस ते सांगते. कोर्टात आम्ही दुपारी एकत्र चहा घेतो. ज्यांच्याकडे फाइल गेली ते शेजारीच बसायचे. एक दिवस बशीत चहा ओतत ते सहज म्हणाले, "तुमची एक बेकरीची फाइल आमच्या गळ्यात पडली आहे." एवढंच. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. शिंप्याची उलटतपासणी नीट वाचा. बस, एवढंच म्हणायचं होतं, सल्लासुद्धा नव्हता तो. मी म्हटलं, "आज चहा कडू झाला आहे." ते म्हणाले, हो, जरा झाला आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जामीन नाकारला. अपील सुनावणीला यायला वर्ष उलटून गेलं. मग त्यांनी ते नीट वाचलं, आणि तुला हवं होतं तसं झालं. मधल्या काळात त्या माणसाची आई गेली, हेही मी निकालातच वाचलं.

तुला वाटेल मी माफी मागते आहे. तसं नाही. पुन्हा तसंच प्रकरण आलं तर मी पुन्हा तेच करीन. सोडायलाही हवं होतं आणि बोलायचंही नव्हतं. बहिणीने भावाचं प्रकरण ऐकलं असतं, किंवा कानात सांगून चालवलं असतं, तर निकाल बरोबर असूनही त्याला किंमत राहिली नसती. हे मला पटतं, अजूनही पटतं. पटतं तरी झोप नीट लागत नाही, एवढंच. इतकी वर्षं मला असं वाटत होतं की बरोबर वागलं की झोप आपोआप लागते.

तुझी माझी कधी भांडणं झाली नाहीत. मला पद मिळालं तेव्हा तू फक्त माझ्या कोर्टापुरता दूर राहिला असतास तरी चाललं असतं, बाकीची कोर्टं तुला मोकळी होती. तू म्हणालास, "आता माझ्याकडे लोक येतील ते तुझा भाऊ म्हणून. मला तसले अशील नकोत." आणि टेबल टेम्पोत घालून दुसऱ्या गावी निघून गेलास. मी अडवलं नाही, कारण तुझं बरोबर होतं. तेव्हापासून आपण दोघंही बरोबरच वागतो आहोत. लग्नाकार्यात भेटलो की हवापाण्याचं बोलतो.

प्रश्नाचं उत्तर दिलं. पुढचा प्रश्न असेल तर विचार.

ताई


९ जून

प्रिय भुंग्या,

तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच आले होते. न कळवता आले, त्याबद्दल मास्तरीणबाईंनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांची तारांबळ मला दिसली. त्यांना सांग, उतू गेलेलं दूध आणि पसरलेल्या वह्या हे मी फार वर्षांनी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी एक गोष्ट सांगितली नाही. तुम्ही दोघं इतकं मोकळं बोलत होतात की मध्ये आणावीशी वाटली नाही. आता लिहिते.

मी तुझ्या ऑफिसात पोचले तेव्हा तू कोर्टात होतास. तुझा कारकून म्हणाला, साहेबांना यायला चार वाजतील, बसा. मी बसले. समोरच्या भिंतीला बेकरीची जाहिरात चिकटवलेली होती, नवीन जागेचा पत्ता होता. कारकुनाला विचारलं तर म्हणाला, इथून जवळच आहे, कोपऱ्यावरून उजवीकडे. तुला यायला वेळ होता आणि मी उठले. ठरवून गेले नव्हते, हे खरं.

दुकान लहान आहे, तू पाहिलंच असशील. पुढे काउंटर, मागे भट्टी. या वेळी शटर नाही, लाकडी दारं लावली आहेत. तो एकटाच होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा तरुण आहे. कागदावर सगळेच आरोपी एका वयाचे वाटतात. मी एक पाव मागितला. तो कागदात बांधता बांधता म्हणाला, या भागात नवीन दिसता. तिथे मी पैसे देऊन निघू शकले असते. मी म्हटलं, "मी वकीलसाहेबांची बहीण."

त्याचे हात थांबले. मग काउंटरच्या बाहेर आला, एप्रनला हात पुसले आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. म्हणाला, जज आहेत त्या? मी म्हटलं, होते. त्याला राग आला असेल असं मला वाटलं, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. हिशोब जुळत नसताना माणसाचा चेहरा होतो तसा झाला होता.

मग तो आईचं सांगायला लागला. मी विचारलं नव्हतं. आई दर महिन्याला तुरुंगात भेटायला यायची. अपील माझ्याकडे लागलं हे कळलं तेव्हा ती फार खूश झाली होती, वकिलाची बहीणच जज आहे म्हणाली, आता सुटलास. मग मी सोडलं. तू तिला समजावून सांगितलंस म्हणे, की नात्याचं प्रकरण जजला घेता येत नाही, तसा नियमच आहे. तिने ऐकून घेतलं. घरी जाताना मात्र शेजारणीला म्हणाली, नियम परक्यांना असतात. सख्ख्या भावाचं काम बहिणीने टाकलं, म्हणजे तिने कागद वाचले असतील आणि तिला कळलं असेल.

"काय कळलं असेल?" मी विचारलं.

"की मीच केलं," तो म्हणाला.

आई त्यानंतर भेटायला यायची ती त्याच्याकडे नुसती बघत बसायची. विचारलं कधी नाही. डबा द्यायची, तब्येत विचारायची आणि बघायची. पुढे आजारी पडली, मग आली नाही.

हे त्याने अगदी सरळ सांगितलं, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं. त्याने दोन पाव दिले, सुटे पैसे मोजून दिले आणि परत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "एक विचारू का? तुम्ही वाचले होते का कागद?"

"वाचले होते."

"मग काय वाटलं?"

"तुम्ही केलेलं नाही, असं वाटलं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

तो भट्टीकडे गेला, उगाचच झडप उघडून आत पाहिलं आणि लावली. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाला, "एवढंच कुणी आईला सांगितलं असतं तर पुरलं असतं. मी आत राहिलो असतो, चाललं असतं."

मी म्हटलं, सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, हो, वकीलसाहेबही तसंच म्हणाले होते, नियम बरोबरच असणार. त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी निघाले तेव्हा त्याने पावाचे पैसे घेतले, आणि त्यासाठी मी त्याची आभारी आहे.

भुंग्या, मी आयुष्यभर निकाल दिले. निकाल दिला की पुढचं आपलं काम नाही, असं शिकले आणि तसंच वागले. निकाल न देण्याचाही कुणीतरी अर्थ लावतं, एका बाईने माझ्या गप्प बसण्याचा आपल्या मुलाविरुद्ध पुरावा केला, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तरी सांगते, मी परत तसंच केलं असतं. आता हे वाक्य लिहिताना हात जरा थांबतो, इतकाच फरक पडला आहे.

परत येताना बसस्टँडवर तू म्हणालास ते मी विसरले नाही. घराची मागची खोली रिकामी आहे, कपाट तेवढं हलवावं लागेल. तू ते असं म्हणालास, जणू कुणा भाडेकरूला सांगतो आहेस. आणि बस सुटेपर्यंत दुसरीकडे बघत राहिलास.

आयोगाला मी मुदतवाढ मागून घेतली होती. काल नकार कळवला. पुलाची चौकशी व्हायला हवी, ती दुसरं कुणीतरी करील, माझ्यापेक्षा चांगली करील. मला परत एकदा उंचावर बसून तोंड बंद ठेवायचं नाही. कोर्टात तुझ्या बाजूने मी उभी राहणार नाही, ते मला शोभणार नाही आणि तुला परवडणार नाही. तुझ्या ऑफिसात बसीन. फायली वाचीन आणि मला काय वाटतं ते तुला तोंडावर सांगीन. तुझ्या अशिलालाही सांगीन, त्याच्या आईलाही. ही सवय मला नाही. शिकावी लागेल, आणि या वयात शिकताना मी त्रास देईन, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात आत्ताच करते. शिंप्याच्या उलटतपासणीत तू एक प्रश्न जास्त विचारलास. तो 'मी' म्हणाला तिथे खाली बसायचं. तू पुढे विचारलंस, म्हणजे बाहेरचं दिसत नव्हतं ना? त्यावर तो सावरला आणि 'थोडंफार दिसत होतं' म्हणाला. खालच्या न्यायाधीशाने नेमकं तेच धरलं. तुझा माणूस आत गेला त्यात त्या एका प्रश्नाचाही वाटा आहे. वरच्या निकालात तुझी एवढी वाहवा झाली, पण हे कुणी लिहिलं नाही. कुणीतरी तुला सांगायला हवं होतं.

तुला राग येईल. येऊ दे. पंधरा तारखेला दुपारच्या बसने येते आहे. कपाट एकट्याने उचलू नकोस. आणि या प्रश्नावर तुझं काय म्हणणं आहे ते तयार ठेव, मी पुढची तारीख देणार नाही.

भांडायला येणारी,
तुझी ताई